वासंतीची दुसरी भेट

रेवा, ईशान,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात, त्यामुळे मला निम्मंच कळलं. जे कळलं ते असं, की तिथल्या आश्रयगृहातला एक कुत्रा तुम्हाला फार आवडला आहे आणि तिथल्या बाई तो अजून द्यायला तयार नाहीत. त्यांनी घर पाहिलं, कुंपण मोजलं, आईबाबा कामावर गेल्यावर घरी कोण असतं ते विचारलं, आणि आता म्हणतात की मी पुन्हा एकदा येईन. "आजी, आम्ही त्याच्यावर इतकं प्रेम करू, मग तिला परत कशाला यायचंय?" असं रेवानं मला रागानंच विचारलं. मी "बघू या" म्हणून फोन ठेवला. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल, अडलं तर आईला विचारा. आताच लिहायचं दुसरं कारण असं की गणपती बारा दिवसांवर आले आहेत. गावोगावची बंद घरं उघडून झाडायला सुरुवात झाली आहे, आणि या वर्षी ते झाडण्याचे आवाज ऐकून मला बरं वाटत नाही. ज्या बाईमुळे असं होतं ती मागच्या महिन्यात गेली. तिच्याबद्दल लिहून ठेवलं नाही तर तिला ओळखणारं तुमच्या पिढीत कुणी उरणार नाही.

तुम्ही तिला एकदा पाहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी आलात तेव्हा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या पलीकडे कातळावर एका शेडमध्ये मी तुम्हाला नेलं होतं. उंच, हाडापेरानं मोठी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई. ईशान दारातच उभा राहिला तेव्हा ती ओरडली होती, "दारात उभं राहायचं नाय, आत जागा हाय!" तीच वासंती शिवलकर.

वासंती एसटीत कंडक्टर होती. मी ज्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, त्या गावच्या गाडीवर ती अनेक वर्षं होती. नोकरीनं तिच्यात काही सवयी इतक्या मुरवल्या होत्या की निवृत्तीनंतरही त्या गेल्या नाहीत. ती स्वतःच्या घरातसुद्धा बसत नसे. उभ्यानं चहा प्यायची, उभ्यानं जेवायची, आणि जेवताना डावा हात दाराच्या चौकटीला धरलेला असायचा, जणू घर आता वळण घेणार आहे. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघायची, कारण मागे कोण चढलं ते बघण्यात तिचा जन्म गेला होता. मला ती 'बाई' म्हणायची आणि मी तिला नुसतं वासंती. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती.

लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वाटणीच्या कातळावर तिनं चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, वर जाळी आणि पत्रे अशी शेड घातली आणि रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री आणून ठेवायला लागली. जे कुत्रं ज्या थांब्यावर सापडलं त्या थांब्याचं नाव त्याला. हातखंबा, निवळी, खेडशी. भाताचं पातेलं घेऊन ती आत शिरली की सुरू व्हायची: "हातखंबा, मागं सरक! निवळी, तुझा नंबर नंतर. ढकलाढकली नाय करायची, सगळ्यांना मिळणार हाय." आणि सांगायला नवल वाटतं, पण कुत्री खरोखरच मागे सरकायची.

मी तिथे जाऊ लागले ते तुमचे आजोबा गेल्यानंतर. घरात बसून काय करायचं हा प्रश्न होता. वासंतीला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून मी एक वही आखली. कुत्र्याचं नाव, वय, कुठे सापडलं, कुणाला दिलं, घरात माणसं किती, पहिली भेट, दुसरी भेट. वासंती त्या रकान्यांकडे संशयानं बघायची. "बाई, तुमच्या या चौकोनात घर मावत नाय," म्हणायची. तरी ती सांगायची आणि मी लिहायची.

घर बघायची तिची रीत वेगळी होती. कुत्रा मागायला येणाऱ्याशी ती फार बोलत नसे. पत्ता घ्यायची आणि चार-आठ दिवसांनी न सांगता दुपारच्या गाडीनं त्या गावात उतरायची. पडवीत जाऊन पाणी मागायची. पाणी कोण आणतं ते बघायचं. घरातलं मांजर माणसाच्या पायाशी येतं की माणूस दिसलं की पळतं ते बघायचं. गुरं असतील तर गोठ्यात डोकवायचं. मालकाला ती काहीच विचारत नसे. सुनेला विचारायची, किंवा आईला. "घास जी घालणार तिनं हो म्हणायला हवं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि मग शेवटी, निघता निघता, अगदी सहज: "रात्री कुठं असंल तो?"

हा प्रश्न इथे सहज विचारण्याचा नाही. इथे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि वाघाला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. कातळावर तो कायम आहे. वासंतीच्या शेडभोवतीसुद्धा तो फिरायचा. भुंकण्यानं ती कधी घाबरली नाही. संध्याकाळी सगळी कुत्री एकदम गप्प होऊन एका कोपऱ्यात चिकटून बसली, की ती हातातलं काम टाकून कडी तपासायला जायची. मी दोन वेळा ती शांतता अनुभवली आहे. पत्र्यावर पान पडलं तरी ऐकू येईल अशी. वासंती कडीवर हात ठेवून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "बाई, आज तुम्ही उजेड हाय तोवर निघा."

एकदा एक बागायतदार जीप घेऊन आले. आंब्याच्या बागेत वानरांचा उच्छाद, त्यांना तगडा, पळणारा कुत्रा हवा होता.

"रात्री कुठं असंल?" वासंती.

"बागेतच. राखणीलाच नेतोय ना."

"आणि तुम्ही?"

"मी काय बागेत झोपू? माझं घर गावात आहे."

"मंग वानरांवर कुत्रा लक्ष ठेवील. कुत्र्यावर कोण?"

"अहो, चांगली जाड साखळी आहे!"

"ती कुत्र्याला हाय. वाघाला कुठं हाय?"

ते चिडले. म्हणाले, फुकटच्या कुत्र्याला एवढे नखरे. वासंतीनं त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाली, "गाडी फुल्ल झाली. मागनं येणारी बघा."

आता दुसऱ्या भेटीचं सांगते, कारण रेवाचा प्रश्न तोच आहे. वासंती प्रत्येक घर दोनदा बघायची. एकदा माणसं असताना आणि एकदा नसताना. तुम्ही आलात ते मे महिन्यात, त्यामुळे तुम्ही कोकणातली घरं भरलेलीच पाहिलीत. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात इथल्या घराला पंधरा-वीस माणसं असतात. बाकीचे दिवस त्याच घरात एक म्हातारं माणूस असतं, किंवा तेही नसतं. म्हणून दुसरी भेट सणवार नसलेल्या दिवशी, शक्यतो भर आषाढात. ती झाल्याशिवाय कुत्रा शेडबाहेर जायचा नाही, हा तिचा नियम. कुणी कितीही गोड बोललं तरी.

मागच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास जलद आला. तो कुठल्या थांब्यावर सापडला नव्हता. मिरजोळ्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे धावताना वासंतीनं त्याला पकडला. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, वय दीड वर्ष असेल. "हा कुठल्याच थांब्यावर थांबणारा नाय," ती म्हणाली, आणि गाड्यांच्या पाटीवर असतं ते नाव तिनं त्याला दिलं.

असं जनावर मी पाहिलं नव्हतं. चिऱ्याच्या भिंतीवरून, जाळीच्या फटीतून, पत्र्यावरून, कसाही बाहेर. पळताना त्याला बघणं हा आनंद होता, हे कबूल केलं पाहिजे. आणि वासंती, जिनं आयुष्यभर कुत्र्यांना हुकूम सोडले, ती याच्यापुढे हसत उभी राहायची. "मेल्या, जरा दम घे रे," एवढंच. तिची धाकटी बहीण लता शेडवरच राहायची. ती म्हणायची, "ताईनं आम्हा कुणाचे इतके लाड केले नाहीत."

पण जलदनं खालच्या वाडीतल्या कोंबड्या मारल्या. एकदा नाही, तीनदा. वासंतीनं जाऊन माफी मागितली, तिसऱ्या वेळी कुणी ती ऐकूनही घेतली नाही. कारखान्याच्या रखवालदारानं सायकलवरून पडल्याची तक्रार केली. त्याला घर मिळायलाच हवं होतं. शहरातल्या एका ब्लॉकमधल्या कुटुंबानं दोन्ही भेटींनंतर नेला आणि चार दिवसांत परत आणला. त्यानं गॅलरीच्या जाळीतून उडी मारली होती. दुसऱ्या घराला भिंतीचं कुंपण होतं, माणसं चांगली होती. तिथे त्यानं तीन आठवडे काढले आणि एक दिवस बारा किलोमीटर पळत शेडवर परत आला. पायाच्या गाद्या सोलवटल्या होत्या आणि शेपूट हलत होतं.

श्रावणात एका सकाळी लताचा फोन आला. मी रिक्षा करून गेले. निवळी मेली होती. तोंडाला फेस, पाय ताठ. भिंतीच्या आत अर्धा खाल्लेला तळलेला बांगडा पडला होता. वासंतीनं तो कागदात गुंडाळला, कातळावर नेऊन जाळला आणि परत येऊन भाताचं पातेलं उचललं. त्या दिवशी ती कुणाला मागे सरक म्हणाली नाही.

पाच दिवसांनी दुसरा बांगडा सापडला. या वेळी लतानं तो आधी बघितला. कोण टाकत होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ज्याच्या कोंबड्या गेल्या तोच असेल असंही नाही. त्या रस्त्यानं येणारेजाणारे सगळे मला 'बाई, बऱ्या आहात ना' म्हणतात, आणि त्यातलाच कुणीतरी तो होता, एवढं मला माहीत आहे. शेडमध्ये सगळ्यात आधी धावणारा, सगळ्यात आधी तोंड घालणारा जलद. पुढचा मासा त्याच्यासाठी आहे, हे वासंतीला न सांगता कळत होतं. ती रात्रीची शेडमध्येच उभी राहू लागली. भाद्रपद लागेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते.

अशात हेदवीहून फोन आला. हेदवीच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या घरातले प्रशांत, मुंबईला नोकरी करणारे. त्यांच्या मुलीनं कुठेतरी जलदचा फोटो पाहिला होता. मोठं आवार आहे, डोंगर उतार आहे, वडील गावीच असतात. गणपतीला सगळे आलोत, घेऊनच या.

आम्ही गणपतीच्या पाचव्या दिवशी गेलो. टेम्पोनं जयगड, तिथून फेरीबोटीनं तवसाळ, पुढे रिक्षा. फेरीबोटीवर जलद सगळ्या गाड्यांच्या खालून फिरून आला. घर मोठं, कौलारू, पुढे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, आणि खाली पऱ्याच्या पाण्यापर्यंत सुपारीची बाग. आरती चालू होती. मी सवयीनं मोजली: एकोणीस माणसं. जलदला सोडल्याबरोबर तो उतारावरून खाली गेला, वर आला, पुन्हा गेला, पोरं त्याच्यामागे. असं तासभर चाललं. मग मी जे कधी पाहिलं नव्हतं ते झालं. तो पडवीत आला, प्रशांतच्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपला.

वासंती चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. खूप दिवसांनी भरलेल्या गाडीत बसायला जागा मिळावी तसा.

"आबा," तिनं प्रशांतच्या म्हाताऱ्या वडिलांना विचारलं, "एरवी तुम्ही एकटेच असता काय?"

"एकटा कसला गो? ही सगळी माणसं बघतेस ना?"

"ही जातील ना मुंबईला."

"हा नाय जायचा," आबांनी प्रशांतकडे बोट केलं. "हा आता इथंच राहणार. काजूचा कारखाना काढतोय."

"होय काकी," प्रशांत म्हणाले. "दिवाळीनंतर मी इथंच. कंपनीत सांगूनसुद्धा टाकलंय." त्यांची बायको म्हणाली, "मीच घालीन हो त्याला जेवायला. मला आवड आहे."

सगळे हसत होते. मोदकांचं ताट फिरत होतं. मी वही काढली. वासंती म्हणाली, "लिहा बाई. दुसऱ्या भेटीची गरज नाय."

मी तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"तिकडं मासा हाय बाई," ती हळू बोलली. "परत नेऊ कुठं याला?"

मी लिहिलं. पण तुमच्यापासून लपवणार नाही. मी त्या घरात आत हात धुवायला गेले होते आणि तिथे मी काही गोष्टी पाहिल्या होत्या. माडीवरच्या गाद्या अजून प्लास्टिकमध्ये होत्या. ताटांच्या चळतीवर जुनं वर्तमानपत्र बांधलेलं होतं, लागतील तेवढीच वरची काढून घेतली होती. मोरीपाशी रोजच्या वापराचा एकच तांब्या होता, आणि दात घासायचा एकच ब्रश पेल्यात. बाकीच्यांचे पिशव्यांत. माझ्यासारख्या नीटनेटक्या बाईच्या नजरेला ते दिसलंच. मी बोलले नाही. कुत्रा झोपला होता.

गणपती गेले. नवरात्रात मी प्रशांतना फोन केला. "मजेत आहे हो, आबा सांगत होते." दिवाळीत केला. "एकदम मजेत." वासंतीला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "आबा सांगत होते म्हणजे हा तिथं नाय."

कार्तिकात, भातं कापून झाल्यावर, आम्ही दोघी गेलो. रिक्षावाल्यानं वाटेतच सांगितलं की हल्ली वाघ फार खाली येतो, खालच्या वाडीतली तीन कुत्री नेली, माणसं सहानंतर दाराबाहेर पडत नाहीत. वासंती रिक्षात पुढे वाकून बसली होती. जाऊन पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. घराच्या सगळ्या खिडक्या बंद. पडवीत आबा एकटे. खळं नुकतंच शेणानं सारवलेलं होतं, हिरवं, गुळगुळीत. कोपऱ्यातल्या आंब्याच्या बुंध्याला साखळी होती. ती जमिनीवर सरळ ताणलेली पडली होती आणि तिच्या टोकाला पट्टा होता.

वासंती खाली बसली. मी तिला पहिल्यांदाच बसलेली बघत होते. सारवणात गोल, मोठे, नखं न उमटलेले ठसे होते. आंब्यापासून पायरीपर्यंत आणि परत.

"हे कधीचं?" तिनं विचारलं.

"हे कालचं," आबा म्हणाले. "त्याला नेला त्याला आठ दिवस झाले. पण तो अजून येतो. बघून जातो."

मग त्यांनी सांगितलं. सगळे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेले. प्रशांतही गेले. जलदला आबांच्या हातात दोरी राहीना, दोनदा त्यानं त्यांना पाडलं. म्हणून दिवसा साखळी. संध्याकाळी मात्र ते त्याला न चुकता आत घेत. रात्रभर तो दाराला धडका द्यायचा, यांना झोप नसे, तरी घेत. त्या दिवशी डोळे तपासायला गुहागरला जायचं होतं. सकाळी गेले. परतीची गाडी आलीच नाही. दुसऱ्या गाडीनं आले, खालच्या रस्त्यावर उतरले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. "चढण चढताना मला त्याचा आवाज येत होता. घुंगुरवाला पट्टा ना त्याचा. मी हाका मारत चढलो. मग आवाज थांबला."

"आम्हाला कळवलं का नाहीत?" मी विचारलं.

"कळवून?" आबा म्हणाले. "पोरांनाही नाय सांगितलं. पोर रडेल ती. मी मजेत हाय म्हणून सांगतो, तो पण मजेत हाय म्हणून सांगितलं."

वासंती उठली. मला वाटलं ती आता आबांवर ओरडेल. तिनं पडवीत जाऊन पाणी मागितलं. आबा उठले, आत गेले, बऱ्याच वेळानं भिंतीला धरत तांब्या घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं. ती सगळं पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, प्रशांतना लावा फोन." मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिनं आवाज खाली केला नाही.

"काकी? काय झालं?"

"तुमच्या घरी माणसं किती?"

"म्हणजे? कळलं नाही."

"बाईंनी वहीत एकोणीस लिहिलीत. मी आता खळ्यात उभी राहून मोजत्ये. एक भरतंय."

पलीकडे कुणीतरी बोलत होतं, ऑफिस असावं. मग प्रशांत हळू आवाजात म्हणाले, "कुत्र्याला काही झालं का?"

"झालं. पण मी कुत्र्याचं विचारत नाय. वाघ तुमच्या पायरीपर्यंत येतोय."

"काकी, मी येणारच आहे. या वर्षी जरा कारखान्याचं लांबलं, पण..."

"ते गणपतीत बोलायचं. आज वार कुठला हाय?"

"बुधवार."

"मंग बुधवारचं बोला."

आबा मान खाली घालून बसले होते. पण ते ऐकत होते.

फेरीबोटीवर ती कठड्याला धरून उभी राहिली. खाडीचं पाणी शांत होतं, आणि मला त्या शांततेची भीती वाटली. पाण्याकडे बघतच ती बोलली.

"मला ठाऊक होतं, बाई. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची मुंबईची गाडी किती वर्षं भरून दिली मी डेपोतून. सगळे रडत चढायचे. पुढच्या वर्षी कायमचा येतो गो आई, असं खिडकीतून सांगायचे. दर वर्षी तीच माणसं, तेच बोल. खोटं नाय बोलत ते. तेव्हा त्यांना तसंच वाटतं. मी डबल घंटी मारून गाडी सोडायची. मला नाय ठाऊक तर कुणाला ठाऊक?"

मी म्हणाले की मलाही दिसलं होतं, मीही बोलले नाही. तिनं पहिल्यांदाच माझ्या खांद्यावरून मागे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लिहिणार. बघायचं काम माझं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती एकटीच हेदवीला गेली, आणि या वेळी चाफे नावाचा कुत्रा बरोबर नेला. तेरा वर्षांचा, मागच्या पायानं अधू, दोन वर्षांत शेडच्या दारातल्या गोणपाटावरून न उठलेला. आबा म्हणाले, "पुन्हा नको गो, माझ्याच्यानं नाय होणार." ती म्हणाली, "हा बाहेर जाणाराच नाय. तुम्ही संध्याकाळचे बाहेर पडायला लागलात तर हाच दारात आडवा पडंल. याच्यासाठी घर मी आज बघितलंय, कुणी नसताना." प्रशांतनी मुंबईहून माणूस पाठवून पडवीला लोखंडी जाळी बसवून घेतली. स्वतः आले नाहीत. जाळी चांगली आहे.

या घटनेनंतर वासंतीनं मला सगळी वही वाचून दाखवायला लावली. दुसऱ्या भेटीचा रकाना आणखी सहा ठिकाणी कोरा होता. कुठे ओळखीचं घर होतं, कुठे पाऊस फार होता, कुठे तिलाच ताप होता. "सहा," ती म्हणाली, आणि आषाढाची वाट बघू लागली. मी म्हणाले, आताच जाऊन ये. "आता काजू-आंब्याचा हंगाम येईल, बागेत माणसं असतील. भरलेलं घर बघून एकदा फसल्ये." त्या सहा महिन्यांत तिनं एकही कुत्रा कुणाला दिला नाही. मागायला येणाऱ्यांना ती दारातूनच परत पाठवी, आणि मग बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राही.

या आषाढात ती निघाली. पहिलं घर ठीक होतं. दुसऱ्या घरी कुलूप होतं, कुत्रा नव्हता, आणि तो कुठे गेला ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. तिसऱ्या घरचा कुत्रा गोठ्यात बांधलेला, गळ्यात साखळी रुतून जखम झालेली. त्याला ती कडेवर घेऊन आली. चौथं आणि पाचवं ठीक. या घरांना रस्ते नाहीत. भातलावणीच्या पाण्यातून, गुडघाभर चिखलातून ती चालत जायची आणि पायाला कापलेलं दाखवायची नाही.

मी तिला शेवटचं उभं पाहिलं ते रत्नागिरीच्या स्टँडवर. पाचव्या घराला निघाली होती. सकाळचे साडेनऊ, पण पावसानं इतका अंधार केला होता की गाड्यांचे दिवे लागले होते. मी तिला डबा द्यायला गेले होते. अंगात ताप होता, मी हात धरला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "वासंती, आज नको जाऊस. घर कुठे पळून जाणार आहे?" ती म्हणाली, "घर नाय पळत, बाई." गाडीत चढली. सगळ्या सीट रिकाम्या होत्या. ती बसली नाही. कंडक्टर पोरगी तिला ओळखत होती, "मावशी, बसा ना," म्हणाली. वासंतीनं वरचा दांडा धरला, मागे वळून दार लागलं की नाही ते बघितलं, आणि गाडी निघाली. काचेवरून पाणी वाहत होतं. त्यात तिचा उभा आकार थोडा वेळ दिसला.

चार दिवसांनी तिला सिव्हिलमध्ये नेलं. डॉक्टर लेप्टो म्हणाले. शेताच्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून होतो तो. दहा दिवसांत गेली.

रेवा, तिथल्या बाई पुन्हा येतील तेव्हा दार उघडा आणि त्यांना पाणी द्या. शक्य तर बुधवारी बोलवा, आईबाबा कामावर असतील तेव्हा. घर जसं असेल तसं त्यांना बघू द्या. आवरून ठेवू नका.

सहावं घर राहिलं होतं. ते मिरजोळ्यापासून दोन तासांवर आहे, शेवटचा अर्धा तास चालायचा. मागच्या आठवड्यात मी गेले. लता बरोबर होती, तिनं मला हाताला धरून नेलं. घरी एक विधवा बाई आणि तिची सासू, दोघीच, आणि त्या बारा महिने तिथेच असतात. कुत्रीचं नाव खानू. ती चुलीपाशी झोपली होती. आम्हाला बघून उठली, आमचा वास घेतला आणि परत जाऊन झोपली. सासूबाई म्हणाल्या, ती रात्री आतच असते, तिच्याशिवाय मला झोप लागत नाही. मी वहीत लिहिलं.

सहापैकी पाच कुत्री आहेत. हेदवीला आबा आहेत आणि चाफे आहे. शेडवर लता आहे, आणि तिच्याकडे आज नऊ कुत्री आहेत.

तुमची,
आजी